कामिनितो देल रे: हेल्मेट फुकट, टोपी ५५ युरोची

स्पेनमध्ये मालागाजवळचा कामिनितो देल रे (कड्याला चिकटलेली, तिकीट काढून चालायची वाट) करायचा प्लॅन असेल तर थांबा, आधी हे वाचा. आमचे तिघांचे मिळून १६५ युरो गेलेत.

बाबा नाशिकहून माझ्याकडे जर्मनीत आलेले, दादाही सोबत होता. ऑफिशियल साईटवर आमच्या तारखेची तिकिटं संपलेली, आणि नेमकी इन्स्टावर जाहिरात दिसली, गाईड, तिकीट, मालागाहून पिकअप, सगळं माणशी ५५ युरो. व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस इतका गोड बोलत होता की विचारू नका. म्हणे कार्डचं मशीन बंद आहे, अकाउंटला ट्रान्सफर करा. इथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती.

आदल्या रात्री मेसेज, गाडी बिघडली, तुम्ही ट्रेनने या, गाईड गेटवर भेटेल. मग ट्रेनने एल चोरो (हो, गावाचं नावच असं, दादा अजून हसतोय), तिथून शटल बस पकडून वरच्या टोकाला, कारण वाट एकाच दिशेने चालायची असते. बसचे माणशी अडीच युरो पुन्हा आमच्याच खिशातून.

गेटवर क्यूआर स्कॅन झाला, हेल्मेटं मिळाली (ती फुकटच असतात, आमच्या माणसाने "इक्विपमेंट" म्हणून हिशोबात धरलेली!), पण गाईड कुठेच नाही. तिथल्या बाईंनी आमच्या तिकिटाच्या पीडीएफवर बोट ठेवलं, एन्त्रादा हेनेराल. म्हणजे साधं १० युरोचं तिकीट, गाईडवालं १८ चं असतं. किंमत छापलेला भाग त्या पठ्ठ्याने कापूनच पाठवलेला.

जागा मात्र अफाट आहे. नदीपासून शंभरेक मीटर उंच, कड्याला चिकटलेली लाकडी वाट, आणि पायाखाली जुनी मोडकी वाट अजून लटकतेय. बाबांचे प्रश्न सुरू, कोणी बांधली, कशाला बांधली, आणि माझ्या फोनला नेटवर्क नाही. शेवटी बाबा दुसऱ्याच ग्रुपच्या गाईडजवळ जाऊन उभे राहिले, मी इंग्रजीतलं मराठीत सांगत होते. वीजप्रकल्पाच्या कामगारांसाठी १९०१ ते १९०५ मध्ये बांधली, १९२१ ला राजा अल्फोन्सो तेरावा इथून गेला म्हणून "राजाची वाट", मग पडझड, लोक पडून मेले, बंद, आणि २०१५ ला नवी करून उघडली. तो गाईड दोनदा आमच्याकडे वळून बघत होता. बाबा म्हणाले, "अगं चल, चोरून ऐकल्यासारखं वाटतंय." पैसे भरूनसुद्धा आम्हीच चोर.

रिफंड मागितला तर उत्तर काय, "तुम्ही आत गेलात ना, मग सर्व्हिस मिळाली." मग ब्लॉक. बँक म्हणते ट्रान्सफर तुम्हीच स्वतः केलीत, आम्ही काही करू शकत नाही.

तर तिकीट ऑफिशियल साईटवरूनच काढा आणि बरंच आधी काढा. बाहेरून घेतलंच तर पीडीएफवर "गियादा" (guiada, म्हणजे गाईडसह) लिहिलंय का बघा, आणि कार्डनेच पैसे द्या. तो इन्स्टा पेज काल परत पाहिला. आता ४९ युरो, "फक्त ४ जागा शिल्लक".