तपकिरीची 'मेसनिक' डबी घ्यायला गेलो आणि १८० पौंडांना गंडलो

एडिंबरामध्ये चार वर्षं झाली, रविवारी जुन्या बाजारात चक्कर असतेच. तिथे मेंढ्याच्या शिंगाच्या तपकिरीच्या डब्या दिसतात, इथे त्यांना मल म्हणतात (हो मलच, हसा). आमचे आजोबा तपकीर ओढायचे त्यामुळे मी असलं काही दिसलं की विरघळतो, आणि ते विकणाऱ्याला बरोब्बर कळलं.

शिंगाचं टोक छान गोल वळवलेलं, वर चांदीचं झाकण, शिंगावर गुण्या आणि कंपास कोरलेला, मधे इंग्रजी जी, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेची चिन्हं (त्यांच्या वस्तू त्या 'मेसनिक'). म्हणाला १७९० ची आहे, लॉजमधल्या (फ्रीमेसनांच्या शाखेतल्या) एका मेंबरची, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या वेळची. आता बर्न्स १७८१ साली फ्रीमेसन झाला हे मला माहीत होतं, त्यामुळे बाकीचंही मी आपलं खरंच धरलं. चांदीवर किल्ला आणि सिंहाचा छाप दिसला, बाकीच्या खुणा घासलेल्या. सिंह म्हणजे अस्सल चांदी असं म्हणत मीच खूश, दिले १८० पौंड कॅश.

घरी येऊन टिश्यूने पुसली तर कोरलेल्या रेषांतून ब्राऊन बूटपॉलिश निघालं आणि खाली शिंग पांढरंफटक, कडा नखाला लागतील इतक्या धारदार. दोनशे वर्षं खिशात वागवलेल्या वस्तूवर असं असतं का? आत नाक घातलं तर तपकिरीचा वास नाही, आजोबांच्या डबीला ते गेल्यावर कितीतरी वर्षं येत होता.

मग सिंह शोधला. १७५९ पासून एडिंबराच्या चांदीवर किल्ल्याबरोबर थिसलचं काटेरी फूल असायचं, दोन पायांवर उभा सिंह आला १९७५ मध्ये!! आणि १७८४ ते १८९० टॅक्स भरल्याची खूण म्हणून राजाराणीचं डोकंही मारायचे, ते कुठेच नाही. खऱ्या जुन्या मलवर कधीकधी छापच नसतो ते चालतं, पण चुकीचा छाप म्हणजे सरळ ठेवून द्या. शिंग मात्र खरं निघालं, सुई तापवून बुडाला टोचली तर केस जळल्याचा वास आला, प्लास्टिकचा नाही. म्हणजे साध्या शिंगाला नवं झाकण लावायचं, वर मेसनची चिन्हं कोरायची, कारण मेसनिक वस्तू जमवणारे जास्त पैसे मोजतात.

पावती काढून बघितली. 'हॉर्न बॉक्स, एक नग'. साल नाही, लॉज नाही, मेसनिक शब्द सुद्धा नाही, आणि मी तिथे उभा राहून ती न वाचता खिशात घातली होती.