पेनाचा बोर्ड आणि कागदी कार्डं : वर्गात वापरल्यानंतरचा अनुभव

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. दोन्ही इयत्ता एकाच कौलारू खोलीत, मुलं जमिनीवर. माजी विद्यार्थ्यांनी जूनमध्ये एक जुना प्रोजेक्टर दिला, लॅपटॉप माझा. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आहे, म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

आधी पेनाचा बोर्ड. 'वी' या व्हिडिओ गेमच्या रिमोटपासून स्वस्तात इंटरॅक्टिव्ह बोर्ड, म्हणजे प्रोजेक्टरच्या चित्रावर पेनाने काम करता येईल असा बोर्ड, होतो, हे जॉनी ली या संशोधकाने २००७ मध्ये दाखवलं. रिमोटच्या तोंडाशी इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, टिपणारा कॅमेरा असतो आणि पेनाच्या टोकाला इन्फ्रारेड एलईडी. पेन भिंतीवर टेकलं की रिमोट तो ठिपका टिपतो, ब्लूटूथने लॅपटॉपला कळवतो आणि पेन माउससारखं चालतं. आमच्याकडे हे चाललं, पण लहरीप्रमाणे. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्यामुळे काचेच्या कौलातून ऊन भिंतीवर आलं की बाण सैरावैरा पळतो. प्रोजेक्टरला कुणाचा पाय लागला की चारही कोपरे पुन्हा जुळवायचे. पावसाळ्यात खोली अंधारी, चित्र झकास. पण आमच्याकडचा पाऊस म्हणजे वीज असेलच असं नाही.

एवढं सगळं चालवून घेतलं असतं. माझी खरी तक्रार निराळी आहे. पेन एकाच्या हातात, बाकीचा वर्ग प्रेक्षक. आधी मी फळ्यावर लिहायचे तेव्हा मुलं निदान वहीत काही उतरवत तरी होती.

कार्डांनी मात्र वर्ग हलवला. 'प्लिकर्स' नावाचं ॲप आहे. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती, प्रत्येकाची वेगळी. चार बाजू म्हणजे चार उत्तरं. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कोणी काय उत्तर दिलं ते लगेच कळतं. मुलांकडे फोन लागत नाही. आकृत्या वेगवेगळ्या असल्याने शेजाऱ्याचं कार्ड बघून नक्कलही जमत नाही. कार्डांवरची इंग्रजी अक्षरं बारीक असतात, म्हणून मागे मोठ्या अक्षरांत अ, ब, क, ड लिहून दिलं. एक सूचना: चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड चमकतो आणि कार्ड वाचलं जात नाही. जाड कागदावरची साधी झेरॉक्स उत्तम. बोटं आकृतीवर येऊ देऊ नका, हे मात्र रोज सांगावं लागतं.

पाव मोठा की अर्धा, असं विचारलं. तोंडी विचारलं की पुढच्या रांगेतली नेहमीची मुलं 'अर्धा' म्हणून ओरडतात आणि आपण पुढे जातो. कार्डांवर कळलं, चार हा आकडा दोनपेक्षा मोठा म्हणून पाव मोठा, असं बऱ्याच जणांचं पक्कं मत. बरोबर उत्तर न सांगता शेजाऱ्याशी भांडायला लावलं, एकीने भाकरी मोडल्याचं सांगून पटवलं, मग पुन्हा कार्डं वर. 'बाई, माझं दिसलं काय ओ?' हे आता तोंड न उघडणारी मुलंही विचारतात.

अडचण मजकुराची. महाराष्ट्राचं मराठी ई-साहित्य भरपूर आहे, पण ते तिकडच्या पुस्तकांबरहुकूम. आमची पुस्तकं कर्नाटकची, धड्यांचा मेळ बसत नाही. कर्नाटकचं तयार साहित्य मला मिळालं ते बहुतेक कन्नड नाहीतर इंग्रजीत. त्यामुळे प्रश्न घरी बसून स्वतःच टाइप करते. गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ फार उपयोगी पडलं. फुकट आहे आणि गोष्टी उतरवूनही घेता येतात. एकच गोष्ट आधी मराठीत दाखवायची, मग कन्नडमध्ये. अर्थ आधीच माहीत असल्याने मुलं कन्नड अक्षरांना घाबरत नाहीत. प्रोजेक्टरचा सर्वांत चांगला उपयोग माझ्या मते हाच, आणि त्याला पेन लागत नाही.

नव्याने घेणाऱ्यांनी कार्डांपासून सुरुवात करावी. कॅमेरा बरा असलेला फोन आणि इंटरनेट लागतं. आमच्याकडे रेंज खिडकीशीच येते, म्हणून मी तिथूनच फोन फिरवते. कर्नाटकच्या पुस्तकांवर कुणी मराठीतून प्रश्न तयार केले असतील तर जरूर कळवा. माझे चौथीच्या गणिताचे तयार आहेत, बदल्यात देईन.