म्हाताऱ्या घोड्याचे काय करावे: कत्तल, विक्री, सांभाळ आणि दयामरण यांचा तुलनात्मक आढावा

नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत ज्यांच्या तबेल्यात वरातीचे, टांग्याचे किंवा हौसेने पाळलेले घोडे आहेत, त्यांच्यापुढे प्रत्येक घोड्यामागे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. घोडा २५ ते ३० वर्षे जगू शकतो, पण कामाला तो साधारण १८-२० वर्षांपर्यंतच उपयोगी पडतो. त्यानंतरच्या वर्षांचा खर्च कोणी सोसायचा, हाच घोड्यांच्या मांसासाठीच्या कत्तलीवरील जगभरच्या वादाचा खरा गाभा आहे, आणि आपल्याकडच्या मालकाला निर्णय घ्यायचा असेल तर त्यालाही याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

कत्तलीच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवा. फ्रान्समध्ये १८६६ पासून घोड्याचे मांस कायदेशीरपणे विकले जाते. इटली, बेल्जियम, जपान आणि कझाकस्तान येथेही ते खाल्ले जाते. तेथील समर्थकांचे म्हणणे असे की, परवानाधारक कत्तलखान्यात, तपासनीसाच्या देखरेखीखाली आणि आधी बेशुद्ध करून आलेला मृत्यू हा उपासमारीने किंवा रस्त्यावर सोडून दिल्यामुळे येणाऱ्या मृत्यूपेक्षा कमी क्लेशकारक असतो, शिवाय मालकाच्या हाती चार पैसे पडतात. विरोधकांचे उत्तर असे की, घोडा हा मुळात बिचकून पळणारा प्राणी आहे. अनोळखी जागा आणि रक्ताचा वास यांमुळे तो मान सतत हलवतो, त्यामुळे बेशुद्ध करण्याचा पहिला प्रयत्न चुकण्याची शक्यता वाढते. मला हा आक्षेप वजनदार वाटतो, कारण तो भावनेवर नव्हे तर घोड्याच्या स्वभावावर आधारलेला आहे, आणि ज्याने बॅंडच्या पहिल्या ठोक्याला बुजणारा घोडा आवरला आहे त्याला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

नुसती बंदी मात्र पुरेशी नसते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून स्पष्ट दिसते. टेक्सासमधील दोन आणि इलिनॉयमधील एक असे तेथील शेवटचे तीन कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. त्याआधी, २००६ मध्ये, देशातच सुमारे १ लाख ५ हजार घोडे कापले गेले होते. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१० साली सुमारे १ लाख ३८ हजार घोडे कत्तलीसाठी कॅनडा आणि मेक्सिकोला गेले. म्हणजे घोडे वाचले नाहीत. त्यांचा प्रवास तेवढा लांबला, आणि तोही अन्नपाण्यावाचून सलग २८ तासांपर्यंत चालू ठेवण्याची मुभा देणाऱ्या नियमांखाली. बंदीचे समर्थन करणाऱ्या माणसाने, आणि मी स्वतः त्यांतलाच आहे, हे आकडे डोळ्यांआड करू नयेत.

मांसाच्या बाजूची आणखी एक अडचण औषधांची आहे. लंगडणाऱ्या घोड्याला सर्रास दिले जाणारे फिनिलब्युटाझोन हे वेदनाशामक, माणसाच्या खाण्यात येणाऱ्या जनावरांना देण्यास युरोप-अमेरिकेत मनाई आहे. आयुष्यभर काम केलेल्या घोड्याला कोणती औषधे किती वेळा दिली गेली याची नोंद आपल्याकडच्या किती तबेल्यांत सापडेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

भारतात हा पर्याय मालकाला मुळात उपलब्धच नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांत मांसासाठीच्या प्राण्यांमध्ये घोड्याचा समावेश नाही आणि मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर खाण्यासाठी जनावर कापता येत नाही. त्यामुळे घोड्याचे मांस उघडपणे आणि कायदेशीर मार्गाने विकता येत नाही.

उरतात तीन वाटा. त्यांतली सर्वांत सोपी विक्रीची. येवल्याचा घोडेबाजार जवळ आहे आणि दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा भरते. तरुण, धडधाकट घोड्यासाठी हे बाजार उत्तम आहेत. तेथे जाणकार गिऱ्हाईक भेटते. पण म्हाताऱ्या, लंगड्या घोड्याला तेथे कोण घेणार? देशातील घोडे आणि तट्टांची संख्या २०१२ मधील ६.२५ लाखांवरून २०१९ च्या पशुगणनेत ३.४ लाखांवर आली, इतकी कामाची मागणीच घटली आहे. अशा वेळी थकलेला घोडा स्वस्तात मागणारा माणूस बहुधा त्याच्याकडून उरलेसुरले काम काढण्यासाठी किंवा पुढे विकण्यासाठीच तो घेतो, आणि दलालाच्या हाती लगाम गेल्यानंतर मालकाला काहीही कळत नाही. सर्व पर्यायांमध्ये मी याला सर्वांत खाली ठेवतो. घोडा नुसता सोडून देणे हा तर पर्यायच नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमारीच्या अवस्थेत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे.

दुसरी वाट सांभाळाची. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण सहा-सात किलो कोरडा चारा लागतो. वय झाल्यावर दाढा झिजतात, कोरडा कडबा नीट चावला जात नाही आणि त्यातून पोटशूळ उद्भवतो. म्हणून चारा बारीक करून, चंदी (घोड्याचा दाणा) भिजवून, कोंडा कालवून द्यावी लागते. काम थांबले तरी खूर वाढतच असल्याने नालबंदाला बोलवावेच लागते. ज्याच्याकडे गिरणारे, निफाडकडे थोडी जमीन आणि पाणी आहे, त्याला हे झेपते. शहरात भाड्याच्या जागेत राहणाऱ्याला ते अवघड जाते, आणि त्यात त्याचा दोष नाही. पांजरपोळांचा भर मुख्यतः गोवंशावर असतो. त्यामुळे एखाद्या संस्थेत घोडा ठेवण्यापूर्वी तेथे दातांची तपासणी आणि खुरांची निगा होते का, हे स्वतः जाऊन पाहावे, नुसत्या होकारावर विसंबू नये.

तिसरी वाट दयामरणाची. घोड्याला उठता येत नसेल, वेदना औषधाने आटोक्यात येत नसतील, किंवा चारा सुटला असेल, तर पशुवैद्याने भूल देऊन दिलेले इंजेक्शन हा मला क्रूरपणा वाटत नाही. घोडा ओळखीच्या जागी, ओळखीच्या हाताखाली जातो. कत्तलखान्यातील मृत्यूपेक्षा हा फरक मोठा आहे. मात्र हरसूलजवळ खोरीपाड्यासारख्या ठिकाणी गिधाडे टिकून असलेल्या आपल्या जिल्ह्यात एक काळजी अनिवार्य आहे. इंजेक्शनातील बार्बिच्युरेट हे गुंगी आणणारे औषध मृतदेहात राहते आणि तो खाणारी गिधाडे मरू शकतात. त्याच कारणास्तव, म्हणजे मृत जनावरांतील औषधामुळे गिधाडे मेल्याने, जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ मध्ये बंदी आली. म्हणून मृतदेह उघड्यावर न टाकता, विहिरी-ओढ्यांपासून दूर, खोल खड्ड्यात पुरावा, आणि जागा व जेसीबीची सोय इंजेक्शनापूर्वीच करावी.

माझा सल्ला असा: घोडा खात-चालत असेल आणि ऐपत असेल तर सांभाळ, ऐपत नसेल तर विश्वासाच्या, जमीन असलेल्या माणसाकडे, पुढे न विकण्याच्या लेखी अटीवर, आणि वेदना थांबत नसतील तर दयामरण. घोडा १५ वर्षांचा झाला की प्रत्येक लग्नसराईच्या उत्पन्नातून त्याच्या उत्तरकाळासाठी थोडी रक्कम बाजूला काढायला सुरुवात करावी, म्हणजे ऐन वेळी दलालाच्या पैशावर निर्णय ठरणार नाही.