जुन्या जीपचा ‘नवीन’ हब

जुनी विलीज किंवा त्याच घडणीची महिंद्राची जीप असेल, तर डाव्या बाजूच्या चाकांचे आटे बऱ्याचदा उलटे असतात. नट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला की सुटतो, उलटा फिरवला की आवळतो. नट ज्यावर चढतो तो बोल्ट म्हणजे स्टड, आणि हे स्टड ज्यात बसतात, ज्यावर चाक चढतं, तो हब. स्टडच्या टोकावर ‘एल’ (लेफ्ट) असतो, पण चिखल पुसला तरच दिसतो.

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये बाबांची जीप ब्रेकच्या कामाला दिली होती. दुपारी फोन आला. “साहेब, पुढच्या डाव्या चाकाचे स्टड सडलेत, हबपण गेला. ओरिजिनल मिळतोय, लगेच सांगा.” १४,००० रुपये घेतले. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान. जुना माल मागितला तर म्हणे भंगारात गेला.

पुढे ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर त्याच चाकातून टकटक सुरू झाली. बाजूला घेऊन पाहिलं, तर नट हाताने फिरत होते! परळच्या ओळखीच्या मेकॅनिककाकांनी चाक काढलं आणि हब नखाने खरवडला. काळ्या रंगाच्या जाड थराखाली जुनाच हब. बेअरिंग बदलताना बाबांनी पंचने मारलेली तीन टिंबंही जागेवर. खरं तर कुणीतरी सुलट दिशेने एअर गन (हवेच्या दाबाने नट फिरवणारं यंत्र) दाबून स्टड तोडले होते आणि ते पाप माझ्याच खिशातून फेडून घेतलं होतं.

नवे स्टड सुलट आट्यांचे निघाले. काका म्हणाले, त्याने चाक सुटत नाही, आजच्या गाड्या तशाच धावतात. घात केला रंगाने. हब आणि चाक जिथे टेकतात तिथला रंग चालताना दबतो, आणि आवळलेले नट ढिले पडतात. काकांनी ती जागा उघड्या धातूपर्यंत घासली. नट आधी हाताने चढवले, मग समोरासमोरचे आळीपाळीने, आणि गाडी जमिनीवर टेकवल्यावर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) शेवटचे. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलावलं.

तेव्हा काम देतानाच सांगा: जुना पार्ट माझ्या हातात द्यायचा, नवा बसवण्याआधी फोटो पाठवायचा, चाकाला गन लावायची नाही. तोंड वाकडं केलं तर गाडी तिथे सोडूच नका.

गॅरेजवाल्याने भांडणानंतर हबचे पैसे परत केले, स्टडचे नाहीत. उलट्या आट्यांचे स्टड मी अजून शोधतोय. तोवर पुढचं डावं चाक सुलट आणि मागचं उलट, म्हणून पंक्चरवाल्यासाठी दोन्ही रिमवर खडूने बाण काढून ठेवतो.