ओसाकाला चाललेल्या लेकाचा परवाना: एजंटला दोनच स्टार

लेक दोन वर्षांसाठी ओसाकाला चाललाय, तिथे बाइक चालवणारच म्हणतो. वाशीतल्या एका एजंटकडे आंतरराष्ट्रीय परवान्याचं काम दिलं. सरकारी फी १००० रुपये, याने घेतले ३५००. असो, खेटे वाचले. पण पुस्तिका उघडली तर शिक्का फक्त 'बी'वर, म्हणजे कारवर. मोटारसायकलचा 'ए' कोराच! "तिकडे कोण बघतंय, काका?" म्हणे. अहो, पोलीस बघतात, अपघात झाला तर विमावालेही! हा परवाना तिथे जास्तीत जास्त वर्षभर चालतो, पुढे जपानी काढावा लागतो. सक्तीचा विमाही फक्त समोरच्याच्या दुखापतीपुरता. हे सगळं आम्हीच शोधलं. दुसरा स्टार एवढ्यासाठीच, की शिक्का दुरुस्त करताना वेगळे पैसे मागितले नाहीत.