तांदूळ वाटीने मोजावा की वजनकाट्यावर?

रोजचा भात करायचा असेल तर वाटी पुरेशी आहे, हे आधीच सांगून टाकते. तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजलं, की वाटी लहान की मोठी याने काही बिघडत नाही. एकास दोन हे प्रमाण तसंच राहतं. काटा काढा, बटण दाबा, भांड्याचं वजन वजा करा, एवढ्या खटाटोपाची तिथे गरज नाही.

अडचण येते ती दुसऱ्याची कृती हातात घेतल्यावर. 'एक कप तांदूळ' असं लिहिलेलं असतं, पण कोणता कप? अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, आणि राइस कुकरसोबत येणारा कप बहुधा १८० चा. लांब दाण्याचा कोरडा तांदूळ २४० मिलिलिटरच्या कपात साधारण १८५ ग्रॅम बसतो, आखूड गोल दाण्याचा जवळपास २००. कुकरच्या कपात तोच आखूड तांदूळ १५० ग्रॅमच भरतो. म्हणजे लांब तांदळाच्या एका किलोत २४० चे साडेपाचच्या आत-बाहेर कप, आखूड तांदळाचे पाच.

शिवाय भरण्याची पद्धत. कप सैल भरून ओट्यावर दोन-तीनदा आपटून बघा. दाणे खाली बसतात आणि वर आणखी चमचाभर तांदूळ सहज मावतो. दोन माणसांच्या भातात हे खपून जातं, पन्नास माणसांच्या स्वयंपाकात हाच चमचा पन्नास वेळा चुकतो. तिथे मी काट्याशिवाय हात घालत नाही. काट्याला दाण्याची लांबी कळत नाही, सैल-घट्ट कळत नाही, आणि तेच हवं असतं.

मात्र काटा वापरणाऱ्यांची एक चूक फार महागात पडते. वाटीचं एकास दोन म्हणजे वजनाचं एकास दोन नव्हे. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, तांदूळ त्याहून हलका भरतो, कारण दाण्यांमध्ये हवा असते. १८५ ग्रॅम तांदळाला दोन कप पाणी म्हणजे ४८० ग्रॅम, वजनात एकास जवळपास २.६. कुणी काट्यावर एकास दोन धरलं, तर पाणी ३७० ग्रॅमच पडतं. जवळजवळ अर्धा कप कमी, आणि भाताला मधोमध कणी राहते. आणखी एक, तांदूळ धुवायच्या आधी तोला. धुतलेल्या तांदळाला पाणी चिकटलेलं असतं, ते वजनात येतं.

काटा घरात असेल तर एकदाच एवढं करा: नेहमीच्या वाटीत नेहमीचा तांदूळ तीनदा भरा, तिन्ही वेळा तोला, आणि सरासरी आकडा तांदळाच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवा. तांदूळ बदलला की चिठ्ठी बदला.