एचआयव्ही टेस्ट: सरकारी आयसीटीसीत जायचं की खाजगी लॅबमध्ये, गोव्यात राहणाऱ्यांसाठी

टेस्ट करायची ठरलंय पण कुठे ते ठरत नाही, असं झालं की बहुतेकांच्या मनात खर्च नसतो, कोणी बघेल का हेच असतं. आपला गोवा केवढासा, इस्पितळाच्या ओपीडीत वाड्यावरचं कोणी ना कोणी भेटतंच, नाहीतर रक्त घेणारी नर्स बायकोच्या मामेबहिणीची मैत्रीण निघते. ही भीती मी उगाच म्हणणार नाही. पण तिच्यापायी लोक जी निवड करतात ती बऱ्याचदा त्यांच्याच तोट्याची असते म्हणून दोन्हीकडचं नीट सांगतो.

आधी सरकारी. आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र, गोवा राज्य एड्स नियंत्रण सोसायटीच्या अंतर्गत चालतात, पैसे लागत नाहीत. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आहे, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आहे (जुनी माणसं अजून आझिलोच म्हणतात), मडगावच्या जिल्हा इस्पितळात आहे (पूर्वीचं हॉस्पिसियो), तालुक्यातल्या मोठ्या इस्पितळांतही आहेत. वेळ ओपीडीची, म्हणजे सकाळचं गेलेलं बरं, आणि रविवार सुट्टीच. तिथे आधी समुपदेशक बसवून बोलतात, कशासाठी आलात, शेवटचा धोका कधी झाला, रिपोर्ट काय येऊ शकतो आणि आला तर पुढे काय, मग तुमची संमती घेऊन रक्त घेतात. रॅपिड टेस्ट असते त्यामुळे रिझल्ट साधारण त्याच दिवशी मिळतो आणि तो तुमच्याच हातात, परत त्याच खोलीत बसवून सांगतात. कोंकणी मराठी हिंदी काहीही चालतं. नाव वय पत्ता विचारतात आणि एक नंबर देतात, पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं.

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पण टेस्ट होते पण तिथे फक्त पहिली तपासणी, त्यात काही दिसलं तर मोठ्या केंद्रात पाठवतातच. मग दोनदा कशाला, सरळ मोठ्या ठिकाणी जा. आणि आपल्याच तालुक्यात गेलं पाहिजे असं कुठेही नाही. वाळपईच्या माणसाने म्हापसा गाठावं, काणकोणच्याने मडगाव किंवा बांबोळी, कदंब बस पकडली की झालं. माझ्या मते ओळखीच्या भीतीवर हाच उपाय लॅबपेक्षा चांगला, कारण लॅबही गावातलीच असते आणि काउंटरवरची मुलगीही गावातलीच.

आता लॅब. सोय आहे हे मान्य, संध्याकाळी उघडी असते, काही ठिकाणी रविवारी सकाळीही, घरी येऊन रक्त नेतात, काहीशे रुपयांत काम होतं आणि रिपोर्ट मोबाईलवर. पण ह्या शेवटच्या गोष्टीतच सगळी गडबड आहे. रात्री जेवायला बसलाय, फोन वाजला, पीडीएफ उघडली आणि त्यात रिअॅक्टिव्ह, म्हणजे टेस्टमध्ये काहीतरी दिसलं, असं लिहिलंय. आता विचारणार कोणाला? लॅब बंद, घरात कोणाला सांगता येत नाही, आणि एका टेस्टवर रिअॅक्टिव्ह आलं म्हणजे एचआयव्ही झालाच असं नसतं हे सांगणारा कोणी समोर नाही. पहिल्या टेस्टमध्ये चुकून पॉझिटिव्ह दाखवणं होऊ शकतं, म्हणूनच आयसीटीसीत पहिलं किट रिअॅक्टिव्ह आलं तर वेगळ्या पद्धतीची अजून दोन किट वापरतात, तिन्ही जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. ती रात्र एकट्याने काढावी लागू नये एवढ्यासाठी तरी समोर माणूस असलेली जागा मी निवडेन.

दुसरं असं की लॅबमध्ये पॉझिटिव्ह आलं तरी सरकारी उपचारासाठी शेवटी आयसीटीसीतच यावं लागतं. मोफत औषधं गोमेकॉसारख्या ठिकाणच्या एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर मिळतात आणि तिथे नाव घालायला आयसीटीसीचा रिपोर्ट बघतात, म्हणजे परत टेस्ट. पैसे देऊन जे टाळलं तेच दार पुन्हा ठोठवायचं. औषधांचं आता असं आहे की २०१७ पासून भारतात पॉझिटिव्ह कळल्यावर सीडी४ काउंट (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती ते न बघता उपचार चालू करतात, बहुतेकांना दिवसाला एक गोळी, आणि व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला की सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही. हे माहीत नसल्यामुळेच कितीतरी माणसं टेस्ट टाळत बसतात, वाईट वाटतं.

तरी लॅब कुठे बरी पडते तेही सांगतो. धोका होऊन महिना दीड महिनाच झाला असेल तर लॅबची चौथ्या पिढीची टेस्ट अँटीबॉडीबरोबर व्हायरसचं प्रोटीनही शोधते म्हणून जरा लवकर पकडते, ४५ दिवसांनी तिचा निकाल बराच भरवशाचा मानतात. रॅपिड टेस्ट फक्त अँटीबॉडी बघते, तिच्यासाठी तीन महिने धरायचे. लवकर उत्तर हवंय आणि पैसे आहेत तर करा, पण डॉक्टरला विचारून करा. आणि धोका कालपरवाचाच असेल तर टेस्टचा विचारही बाजूला ठेवा, ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, गोमेकॉच्या किंवा जिल्हा इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा आणि पीईपी विचारा, ते लागण टाळण्यासाठीचं २८ दिवसांचं औषध असतं, द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात.

एक तिसरा मार्गही लोक वापरतात तो अजिबात नको, रक्तदान करायचं म्हणजे फुकट टेस्ट होईल. लागण नुकतीच झाली असेल तर तपासणीतून सुटून ते रक्त दुसऱ्याला जाऊ शकतं. रक्तदानावरून आठवलं, आपल्या गोव्यातलेच डॉमिनिक डिसोझा, ते रक्तदाते होते आणि त्यातूनच त्यांचा एचआयव्ही समोर आला, १९८९ साली पोलिसांनी नेऊन म्हापशाला जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं, कारण तेव्हा गोव्याचा आरोग्य कायदाच तसा होता. जुन्या लोकांच्या मनात सरकारी टेस्ट म्हटल्यावर धास्ती का आहे ते त्यावरून समजतं. आज कायदा बरोबर उलट बाजूला आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात संमतीशिवाय टेस्ट नाही, तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय सांगणं नाही, नोकरीवरून काढणं नाही. हे खाजगी लॅबलाही लागू आहे, संमती न विचारता बाकीच्या टेस्टबरोबर एचआयव्ही घातली असेल तर हक्काने विचारा.

गल्फची नोकरी असेल तर मात्र वेगळं, तिथल्या व्हिसाच्या मेडिकलमध्ये एचआयव्ही असते आणि ती त्यांनी ठरवलेल्या सेंटरवरच करावी लागते, आयसीटीसीचा कागद चालत नाही. तरी जायच्या आधी आयसीटीसीत स्वतःसाठी एकदा करून घ्या असं मी म्हणेन, नको ती बातमी एजंटच्या ऑफिसात कळण्यापेक्षा बरं.

आणि नवरे लोकांनो, बायको गरोदर असताना तिची टेस्ट होतेच, तुमची कोणी करत नाही जोपर्यंत तुम्ही जात नाही. तिच्याबरोबर जाताच आहात तर त्याच दिवशी बाजूच्या खोलीत तुमचंही रक्त द्या. लघवीला जळजळ किंवा जखम असं काही असेल तर सुरक्षा क्लिनिक विचारा, तिथे गुप्तरोगाचे उपचारही मोफत आहेत.

जाण्याआधी बोलायचं असेल तर १०९७ फुकट नंबर आहे, नाव न सांगता विचारता येतं. निगेटिव्ह आलं आणि धोक्याला तीन महिने झाले नसतील तर परत कधी यायचं ती तारीख समुपदेशकाकडून लिहून घ्या आणि तोपर्यंत कंडोम वापरा, तेही तिथेच मागितले तर मिळतात.